वाळवंटात पाणी शोधताना : कुटुंबाच्या जलविहाराची आखणी कशी करावी

उष्ण वाळवंटी प्रदेशात मुलाबाळांसह पाण्यात खेळण्याची जागा शोधायची म्हटले की आपण नकाशा उघडतो, निळा ठिपका हेरतो आणि तिथवर पोहोचायला किती वेळ लागेल याचा हिशेब मांडतो. वाळवंटात हा क्रम फसवतो. नकाशावरचा निळा रंग कधी वर्षातून चार दिवस ओले होणाऱ्या मिठागराचा असतो, कधी कुंपण घातलेल्या कालव्याचा, तर कधी पिण्याच्या पाण्याच्या अशा साठ्याचा की ज्यात पाय बुडवण्याचीही परवानगी नसते. म्हणून जागा किती सुंदर आहे आणि किती लांब आहे, हे विचारण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा : हे पाणी येथे येते कोठून? पाऊस नसलेल्या मुलखात पाणी आपोआप साचत नाही. ते जमिनीखालून आलेले असते, धरणातून सोडलेले असते, यंत्राने आणलेले असते, समुद्राचे असते किंवा नुकत्याच येऊन गेलेल्या पुराचे असते. पाणी थंड असेल की कोमट, खोल असेल की उथळ, पुढच्या महिन्यात असेल की नसेल आणि मुख्य म्हणजे लहान मुलांना त्यात सोडावे की नाही, यातले बरेचसे या एका उत्तरावरून कळते.

जमिनीखालून येणारे झऱ्याचे पाणी कुटुंबासाठी बहुधा सर्वांत भरवशाचे असते, कारण त्याचे तापमान आणि प्रमाण ऋतूनुसार फारसे बदलत नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात, चिहुआहुआ वाळवंटात, बाल्मोरिया येथे सान सोलोमन झऱ्यांवर १९३०च्या दशकात एक प्रचंड तलाव बांधण्यात आला. बाहेर रखरखीत ऊन असो वा हिवाळा, त्यातले पाणी वर्षभर साधारण २२ ते २४ अंशांच्या आसपास राहते. वाहते पाणी असल्याने ते नितळ असते आणि तळाशी फिरणारे मासे काठावरून दिसतात. मात्र अशा जागेलाही गृहीत धरू नये. या तलावावर जीवरक्षक नसतात आणि काही ठिकाणी खोली ७ मीटरच्या पुढे जाते. २०१८मध्ये काँक्रीटचा काही भाग ढासळल्याने तो कित्येक महिने बंद राहिला होता. ओमानमधील वादी बनी खालिद हे झऱ्यांवर पोसलेले असेच दुसरे ठिकाण आहे (‘वादी’ म्हणजे अरबी प्रदेशातली, एरवी बहुधा कोरडी असणारी नदीची घळ). दोन्ही बाजूंना उघडे कातळ, मध्ये खजुराची झाडे आणि हिरवट-निळ्या पाण्याचे डोह वर्षभर भरलेले असतात. मात्र तेथे खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालून पाण्यात उतरण्याची रीत आहे, तेव्हा सर्वांसाठी तसे कपडे आधीच बॅगेत ठेवावेत.

झरा गरम पाण्याचा असेल तर नियम बदलतो. नेग्लेरिया फॉवलेरी नावाचा अमीबा कोमट आणि गरम गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. हा संसर्ग अत्यंत दुर्मीळ आहे, पण झाला तर जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. अमेरिकेतील लेक मीड (कोलोरॅडो नदीवरील हूवर धरणाचा जलाशय) परिसरातल्या गरम झऱ्यांवर याविषयी इशारा दिला जातो. पाणी पिण्यात गेल्याने हा रोग होत नाही, तो नाकात पाणी शिरल्याने होतो. म्हणून गरम झऱ्यात मुलांना बुड्या मारू देऊ नये, एकमेकांच्या तोंडावर पाणी उडवू देऊ नये आणि तळाचा गाळ ढवळू देऊ नये. हे पाळायला सांगूनही न ऐकणाऱ्या वयाची मुले बरोबर असतील, तर गरम झऱ्याचा बेत सरळ रद्द करावा, असे माझे मत आहे. आफ्रिका आणि अरबस्तानाच्या काही भागांत संथ गोड्या पाण्यातील गोगलगायींमार्फत बिल्हार्झिया हा परजीवी रोगही पसरतो. तेथे स्थानिक आरोग्य खात्याची सूचना वाचल्याशिवाय डोहात उतरू नये.

धरणाचे पाणी हा दुसरा मोठा प्रकार, आणि येथे लोकांचा अंदाज सर्वाधिक चुकतो. बाहेर ४५ अंश तापमान असताना नदीचे पाणी बर्फासारखे थंड असेल, हे मनाला पटत नाही. परंतु उंच धरणातून सोडले जाणारे पाणी बहुतेक वेळा जलाशयाच्या खोल थरातून येते, जेथे ऊन पोहोचत नाही. कोलोरॅडो नदीवरील हूवर धरणाच्या खालच्या घळीत पाणी वर्षभर साधारण १२-१३ अंश असते. १५ अंशांहून थंड पाण्यात एकदम उडी घेतली की श्वास आपोआप आत ओढला जातो आणि पहिला मिनिटभर त्यावर ताबा राहत नाही. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही गटांगळ्या खातो. म्हणून अशा पाण्यात उडी मारू नये. आधी घोटे, मग गुडघे, मग कंबर असे टप्प्याटप्प्याने उतरावे आणि श्वास शांत झाल्यावरच पुढे सरकावे. धरणाशिवायही असे थंड डोह असतात. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला, एलरी क्रीक बिग होल हा कड्यांच्या सावलीतला खोल डोह ऐन उन्हाळ्यातही अंगावर काटा आणतो.

धरणाच्या पाण्याची दुसरी खोड म्हणजे ते आपल्या सोयीने वाहत नाही. ते शेतीसाठी, विजेसाठी किंवा शहरासाठी सोडले जाते. आपल्या कुटुंबाची सुट्टी त्या वेळापत्रकात बसत नाही. अ‍ॅरिझोनातील फिनिक्सजवळ सॉल्ट नदीत रबरी ट्यूबवर बसून तरंगत जाण्याची मजा उन्हाळ्यात शेकडो लोक लुटतात, पण तो प्रवाह वरच्या धरणांतील विसर्गावर अवलंबून असतो. लेक मीडची पातळी जुलै २०२२मध्ये १९३०च्या दशकात जलाशय भरला गेल्यापासूनच्या नीचांकावर पोहोचली आणि नावा पाण्यात उतरवण्याचे अनेक उतार उघडे पडून बंद करावे लागले. दोन वर्षांपूर्वीच्या छायाचित्रात दिसणारा पोहण्याचा किनारा आज पाण्यापासून अर्धा किलोमीटर दूर असू शकतो. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी जलाशयाची पातळी आणि विसर्ग तपासावा. बहुतेक मोठ्या धरणांची ही माहिती रोज जाहीर होते. शिवाय जलाशयात काय करता येते, हेही नेमके पाहावे. संयुक्त अरब अमिरातीतील हत्ता धरणाच्या जलाशयात कयाक आणि पॅडल बोटी मिळतात, पण पोहण्याची मुभा नाही. मुलांना पोहायचेच असेल तर तेथे जाऊन हिरमोड होतो.

कालव्याविषयी एवढेच पुरे : उतरू नये. राजस्थानातील इंदिरा गांधी कालवा असो वा अ‍ॅरिझोनाचा सेंट्रल अ‍ॅरिझोना प्रकल्प, काँक्रीटच्या तिरक्या भिंतींवर शेवाळ साचते, पाण्याचा वेग काठावरून कळत नाही, आणि एकदा घसरलेल्या माणसाला धरायला काहीच सापडत नाही.

आता घळींतल्या आणि वादींतल्या डोहांबद्दल सविस्तर सांगतो, कारण वाळवंटातले सर्वांत मोहक पाणी तेथेच असते आणि सर्वांत कपटी पाणीही तेथेच. वाळवंटाची जमीन पाऊस शोषत नाही. उन्हाने भाजलेली माती आणि उघडा कातळ पाणी तसेच पुढे ढकलतात, आणि मैलोन् मैल पसरलेल्या पाणलोटाचे पाणी एका अरुंद चिरेतून वाट काढते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अ‍ॅरिझोनातील अँटेलोप कॅनियनमध्ये अशा लोंढ्याने ११ जणांचा बळी घेतला. वादळ घळीपासून कित्येक किलोमीटर दूर, वरच्या अंगाला झाले होते. डोक्यावरचे आकाश निरभ्र आहे, या गोष्टीला म्हणूनच काहीही अर्थ नसतो. पाहायचा अंदाज आपण उभे आहोत त्या जागेचा नव्हे, तर वरच्या संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा.

घळीत शिरल्यावर पाण्याकडे पाहण्याआधी भिंतींकडे पाहावे. डोक्याच्या वर, झुडपांच्या फांद्यांत वाळलेले गवत, काटक्या, प्लॅस्टिकचा एखादा तुकडा गुंतलेला दिसला, तर मागचा पूर तितक्या उंचीपर्यंत आला होता, असे समजावे. मग तेथून सुटायला जागा कोठे आहे, हे मुलांनाही बोट दाखवून सांगावे : ‘मी हाक मारली की सगळे त्या कट्ट्यावर चढायचे, चपला-खेळणी जिथे असतील तिथे सोडून.’ अशी जागाच दिसली नाही, तर त्या डोहात बसू नये. नितळ पाणी अचानक गढूळ होऊ लागले, त्यावर काटक्या-पाने तरंगत आली, पाण्याचा आवाज बदलला किंवा दुरून गाडी यावी तशी घरघर ऐकू आली, तर कारण शोधत थांबू नये, वर चढावे. उत्तर अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात मध्य जून ते सप्टेंबरअखेर दुपारनंतर वादळे होतात. त्या महिन्यांत घळीचा बेत सकाळीच उरकावा. परतताना रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी त्यात घालू नये. ओमानमध्ये भरलेली वादी गाडीने ओलांडणे हा गुन्हाच आहे, आणि तो नियम योग्य आहे.

समुद्रकिनारी असलेल्या वाळवंटात वेगळी पंचाईत होते. लोकांना वाटते की वाळवंट म्हणजे कोरडी हवा. इराणच्या आखाताकाठी उन्हाळ्यात समुद्राचे पाणीच ३२ अंशांच्या वर जाते आणि हवेत इतकी वाफ असते की घाम सुकत नाही. सौदी अरेबियातील धहरान येथे ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते ते तापमान, ३५ अंशांवर नोंदवला गेला. अशा हवेत समुद्रात डुंबून शरीर थंड होत नाही, म्हणून तेथे उन्हाळ्यात किनाऱ्यापेक्षा पाणी थंड करण्याची यंत्रणा असलेला तरणतलाव अधिक सुरक्षित. मृत समुद्राचे तर सगळेच उलटे आहे. क्षारता सुमारे ३४ टक्के, म्हणजे नेहमीच्या समुद्राच्या जवळपास दहापट, असल्याने तेथे बुडणे अवघड वाटते, पण पालथे पडल्यावर पाय पाण्याखाली जात नाहीत आणि तोंड वर काढणे कठीण होते. म्हणून तेथे पोहू नये, पाठीवर तरंगावे, उभे राहायचे झाल्यास गुडघे पोटाशी घेऊन मग पाय खाली सोडावेत. लहान मुलांनी डोळे चोळले की आरडाओरडा ठरलेलाच, त्यामुळे गोड्या पाण्याची बाटली हाताशी असावी. पाणी मागे हटल्याने काठावर जमीन खचून खड्डे पडतात, म्हणून अधिकृत किनारा सोडून कोठेही उतरू नये.

पाण्याकडे जाण्याऐवजी उंचीकडे जाणे हा पर्याय अनेकांच्या ध्यानात येत नाही. दर १,००० मीटर चढाला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. फिनिक्स सुमारे ३३० मीटर उंचीवर आहे, तर तेथून काही तासांच्या अंतरावरील मोगोयॉन कड्यावरची तळी २,००० मीटरहून उंच आहेत. खाली ४३ अंश असताना वर तिशीच्या आसपासची हवा आणि पाइनची सावली मिळते. आजी-आजोबा किंवा तान्हे बाळ बरोबर असेल, तर मी डोळे झाकून हा पर्याय निवडेन, मग वर पोहायला मिळो वा फक्त नावेत बसायला.

तरीही आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी मुलांना पाणी हवे असते, आणि तेव्हा उपयोगी पडतो तो शहरातला सार्वजनिक तरणतलाव, वॉटर पार्क किंवा जमिनीतून कारंजी उडवणारे स्प्लॅश पॅड. यांची निवड करताना घसरगुंड्या किती आहेत, हे शेवटी पाहावे. आधी सावली पाहावी : पाण्यावर सावली आहे का, आणि पालक जेथे बसणार तेथे आहे का. उघड्यावरचे उथळ तलाव भर उन्हाळ्यात कोमट चहासारखे होतात आणि मुले त्यात खेळून थंड होण्याऐवजी तापतात. म्हणून फोन करून ‘पाणी थंड करता का?’ असे थेट विचारावे. स्पर्धांच्या तलावात पाणी २५ ते २८ अंश ठेवतात. खेळणाऱ्या मुलांसाठी त्याहून थोडे कोमट चालते, पण ३२-३३च्या पुढे मजा उरत नाही.

पाण्याच्या स्वच्छतेची परीक्षा काठावर उभे राहून करता येते. तलावाच्या सर्वांत खोल भागातील जाळी स्पष्ट दिसत नसेल तर उतरू नये, कारण त्या पाण्यात बुडालेले मूलही दिसणार नाही. चाचणीच्या पट्ट्या स्वस्त असतात. क्लोरीन निदान १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप) ७ ते ७.८ असावा. कडक ऊन क्लोरीन झपाट्याने नष्ट करते, म्हणून गर्दीच्या दुपारी उशिरा घेतलेली नोंद सकाळच्या नोंदीपेक्षा अधिक खरी असते. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब लावणारा परजीवी मात्र योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवड्याहून अधिक काळ टिकतो. स्प्लॅश पॅडमध्ये बरेचदा तेच पाणी गाळून पुन्हा उडवले जाते, आणि डायपरमधली मुले नेमकी कारंज्याच्या तोंडावर बसतात. ज्या मुलाचे पोट बिघडले आहे त्याला आणू नये आणि उडणारे पाणी तोंडात धरण्याचा खेळ पहिल्याच मिनिटाला बंद करावा. नैसर्गिक जागीही तपासणी होते. अ‍ॅरिझोनातील स्लाइड रॉक उद्यानात ओढ्याच्या कातळावरून घसरत जाण्याची सोय आहे, आणि तेथे पाण्यातील ई. कोलाय या, विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण १०० मिलिलिटरला २३५च्या वर गेले की पोहणे बंद ठेवतात.

जागा ठरली की वेळ ठरवावी, आणि वाळवंटात वेळेला जागेइतकेच महत्त्व आहे. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ पर्यंत उघड्यावरचे काम करून घेण्यास मनाई असते. धडधाकट कामगारांना जी वेळ वर्ज्य, ती चार वर्षांच्या मुलासाठी कशी योग्य ठरेल? पाण्यावर सकाळी साडेदहापर्यंत किंवा साडेचारनंतर असावे. मात्र संध्याकाळी एक काळजी घ्यावी : हवा निवली तरी डांबर, काँक्रीट आणि धातू निवत नाहीत. हवा ४० अंश असताना डांबर ६० अंशांच्या वर सहज जाते. घसरगुंडीचा कठडा किंवा फरशी यांना हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद लावून पाहावी. आपल्याला धरवले नाही तर मुलाच्या तळपायाला ते सोसणारच नाही. गाडीपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून स्वच्छतागृहापर्यंत चपला पायात हव्यातच. पोळलेले तळवे हा अशा सहलींतला सर्वांत सामान्य आणि सर्वांत टाळता येण्याजोगा अपघात आहे.

कोरड्या हवेत ओले मूल पाण्याबाहेर आले की ४२ अंशांतही दात वाजवू लागते, कारण पाणी इतक्या वेगाने उडून जाते की अंगातली उष्णता खेचून घेते. हे दृश्य पालकांना गोंधळात टाकते. मूल थंड पडले म्हणून त्याला पाणी द्यायचे राहून जाते, आणि इकडे घाम दिसण्याआधीच सुकत असल्याने शरीर कोरडे पडत असते. त्यामुळे तहानेवर विसंबू नये. दर वीस मिनिटांनी सर्वांनी बाहेर येऊन घोटभर पाणी प्यावे आणि बरोबर काहीतरी खारट खावे. लघवी गडद पिवळी दिसली तर खेळ थांबवावा. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० असावे आणि दर दोन तासांनी व पाण्यातून आल्यावर पुन्हा लावावे, पण खरे तर लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा आणि मान झाकणारी टोपी त्याहून जास्त काम करतात. त्या सदऱ्याचा रंग भडक नारिंगी किंवा पोपटी निवडावा. निळा आणि पांढरा रंग पाण्याखाली दिसेनासा होतो.

लक्ष ठेवण्याची जबाबदारी ‘सगळ्यांची’ असली की ती कोणाचीच नसते. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, हातही हलवत नाही. म्हणून एकेका मोठ्याने पंधरा मिनिटे फक्त पाण्याकडे पाहावे, फोन दुसऱ्याच्या हाती द्यावा आणि पाळी संपल्यावर पुढच्याला तोंडाने सांगूनच उठावे. उघड्या जलाशयात आणि नदीत मुलांना मापाचे, मान्यताप्राप्त लाईफ जॅकेट घालावे. खांद्याजवळ धरून वर उचलल्यावर जॅकेट कानापर्यंत सरकले तर ते मोठे आहे. दंडावर घालायचे फुगे हे खेळणे आहे, त्यावर जीव सोपवू नये. वाऱ्याच्या दिवशी फुगवलेल्या गाद्या आणि हंस घरीच ठेवावेत, कारण मोठ्या जलाशयावर वारा त्यांना पोहणाऱ्यापेक्षा वेगाने मध्यभागी नेतो.

कोणी गोंधळल्यासारखे बोलू लागले, अडखळू लागले किंवा अंग तापून प्रतिसाद मंद झाला, तर तो उष्माघात समजून लगेच आपत्कालीन मदत बोलवावी आणि ती येईपर्यंत माणसाला सावलीत घेऊन पाण्याने भिजवावे, वारा घालावा. गाडीत घालून दवाखाना शोधत निघण्याआधी अंग थंड करणे सुरू व्हायला हवे. दूरच्या घळीत फोनला रेंज नसते, म्हणून कोठे जात आहोत आणि किती वाजता परतणार, हे मागे राहिलेल्या कोणाला तरी लिहून द्यावे.

परतीसाठी माणशी निदान दोन लिटर पाणी गाडीत न उघडता राखून ठेवावे. थकलेली मुले आत बसवण्याआधी दारे उघडून गाडी निवू द्यावी, कारण बंद गाडीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढते. आणि बाळाच्या आसनावरील पट्ट्याचे धातूचे बक्कल ओल्या टॉवेलने पुसून, स्वतःच्या मनगटाला लावून पाहिल्यावरच लावावे.